गुलाबीच्या जागेवर लाल

१

रविवारी दुपारी चार वाजता सात रस्त्यावरच्या त्रिवेणी क्लबच्या बिलियर्ड रूमचं दार उघडलं आणि मायाप्पाच्या हातातला झाडू हातातच राहिला. भिंतीवरची काचेची पेटी सताड उघडी होती आणि आतला क्यू, चेंडू मारायची ती लांब निमुळती काठी, गायब होता.

क्यू साधासुधा नव्हता. पेटीखाली पितळी पाटी होती: 'कै. शहाजीराव यांचा क्यू. क्लबचा सर्वोच्च ब्रेक ८४.' शहाजीराव म्हणजे अध्यक्ष धोंडीरामदादांचे धाकटे भाऊ, गाडीच्या अपघातात गेलेले. एका दमात, न चुकता जेवढे गुण होतील तो ब्रेक. आणि ह्या क्लबात चौऱ्याऐंशीच्या वर कुणी गेलं नाही, असं ती पाटी वर्षानुवर्षं सांगत होती. पितळेत कोरलेलं खोटं असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

सेक्रेटरी अजिंक्य दहा मिनिटांत आला आणि पाचव्या मिनिटाला निकाल देऊन मोकळा झाला. कुलूप शाबूत, दार शाबूत, पेटीला तर कुलूपच नव्हतं. दुपारी एक ते चार क्लब बंद. किल्ली मायाप्पाची.

"उद्या संध्याकाळी सहाला कमिटी बसेल," तो म्हणाला. "तोवर क्यू जागेवर आला तर मी काही पाहिलं नाही. नाही आला, तर दुसरीकडे काम शोध."

मायाप्पा सांगोल्याकडचा. बापानं मेंढरं विकली तेव्हा हा सोलापुरात आला आणि क्लबात मार्कर झाला. मार्कर म्हणजे टेबल झाडणारा, गुण मोजणारा, भांडण झालं तर नियम सांगणारा. तेरा वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं, आणि परत जायला मेंढरंही उरली नव्हती. तो तडक क्लबमागच्या खोलीकडे गेला. तिथं निंगप्पा राहत होता.

निंगप्पा अक्कलकोटकडचा, वय अडुसष्ट. मायाप्पाच्या आधी चाळीस वर्षं तोच मार्कर होता. गुडघे गेले, तेव्हा धोंडीरामदादांनी त्याला ही खोली दिली. टेबलावरच्या चेंडूंकडे पाहून आधी कोण काय खेळून गेलं हे तो सांगायचा, आणि मेंबर लोक त्यावर पैजा लावायचे. मायाप्पाचं ऐकताना तो पलंगावर बसून होता. 'पेटीतला क्यू' हे शब्द आले तसा तो उठला, आणि गुडघे दुखतात हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

२

"काय हलवलं न्हाईस न्हवं?" निंगप्पानं दारातूनच विचारलं.

"न्हाय काका. हात बी लावला न्हाय."

टेबलावर घालायची जाड चादर घडी करून खुर्चीवर ठेवली होती. एक वाजता मायाप्पानं ती स्वतः पसरली होती आणि चेंडू डब्यात ठेवले होते. म्हणजे चोर आला, त्यानं चादर काढली आणि तो चक्क खेळत बसला. काम झालं की पळावं एवढीही अक्कल नसलेला चोर, असं अजिंक्यचं मत. निंगप्पाचं मत वेगळं होतं. खेळल्याशिवाय ज्याला जाववलं नाही, असा चोर.

तीनच चेंडू बाहेर काढलेले होते. स्नूकरवाला बावीस काढतो, पूलवाला सोळा. पांढरा, पिवळा आणि लाल एवढेच काढणारा तो बिलियर्डवाला. पिवळा कोपऱ्यातल्या जाळीत पडून होता, तेही बरोबरच. बिलियर्डमध्ये दुसऱ्याचा चेंडू आत गेला की त्याची पाळी येईपर्यंत तो आतच राहतो. लाल मात्र लगेच काढून जागेवर ठेवायचा असतो. लांबच्या फटक्यासाठी ज्यावर क्यू टेकवतात ती दांड्याची रेस्ट खुंटीवरून काढून टेबलाला उभी केलेली होती.

निंगप्पा लाल चेंडूपाशी आला आणि तिथंच थांबला.

लाल आपल्या जागेवरून लागोपाठ दोनदा आत गेला, की पुढच्या वेळी तो टेबलाच्या मध्यावर ठेवायचा, स्नूकरमध्ये निळा बसतो तिथं. जगभर हाच नियम आहे. हा लाल मध्यावर नव्हता. तो एक टप्पा पुढे, गुलाबी चेंडूच्या जागेवर होता. घरंगळत आलेला वाटत नव्हता. ठिपक्यावर नेमका बसवलेला होता.

वीस वर्षांपूर्वी एका मेंबराच्या क्यूनं टेबलाचं कापड बरोबर मध्यावर फाटलं होतं. सोलापूर कापडाचं गाव खरं, पण बिलियर्डचं लोकरी कापड इथं विणत नाहीत. ते मागवायला कमिटीला पाच वर्षं लागली. तोवर निंगप्पानं तोडगा काढला. मधली जागा दुसऱ्या चेंडूनं अडवली असेल तर लाल गुलाबीच्या जागी ठेवा, असं पुस्तकातच आहे. मग भोकानं जागा अडवली असं समजा की. ती पाच वर्षं ह्या एका क्लबात लाल गुलाबीच्या जागी बसत होता. नवं कापड आलं, आणि मायाप्पा कामाला लागायच्या आत तो तोडगा मोडीत निघाला.

त्या पाच वर्षांत बिलियर्ड खेळलेली माणसं तीन. शहाजीराव गेले. एक वकील होते, तेही गेले. तिसरी मेंबर नव्हतीच. ती चौदा वर्षांची पोर होती.

"दुपारी किल्ली कुटं हुती?" त्यानं विचारलं.

"ऱ्हाते तितंच. पाठच्या दाराला, रांजणामागं," मायाप्पा म्हणाला. "तुमीच सांगितलंतं की काका. दुपारची किल्ली खिशात न्हाय, रांजणामागं ठिवायची. का, ते मी इचारलं न्हाय."



३

तिचं नाव सोनाली. क्लबात झाडलोट करणाऱ्या सोनाबाईची मुलगी. दुपारी क्लब बंद असताना आईबरोबर यायची आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहायची. निंगप्पानं एक जुना क्यू कापून पन्नास इंचांचा केला, घासला, तेल पाजलं आणि तिच्या हातात दिला. मग रोज एक ते चार ती खेळायची आणि तो गुण मोजायचा. त्याला लेकरूबाळ नव्हतं. त्या तीन तासांत ते त्याला जाणवत नसे. त्याला डोळा लागला तरी तिला आत येता यावं, म्हणून किल्ली रांजणामागं.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये एका दुपारी तिनं एक्क्याण्णवचा ब्रेक केला. मागं वळून पाहिलं, तर दारात शहाजीराव उभे होते.

संध्याकाळी कमिटी बसली. मेंबर नसलेल्या पोरीला टेबलावर कुणी चढवलं, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न हसत हसत आला: म्हणे हिनं शहाजीरावांच्या वर ब्रेक केला? सोनाली आईचा पदर धरून उभी होती. ती म्हणाली, "काका, सांगा की किती झाले."

आणि ज्यानं आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं, तो मार्कर म्हणाला, "मी मोजत नव्हतो."

तिनं क्यू टेबलावर ठेवला आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून सोनाबाईही आली नाही. पुढं शहाजीराव वारले, कुणीतरी अडगळीतून तो क्यू काढून 'शहाजीरावांचा' म्हणून पेटीत लावला, आणि निंगप्पा दुसऱ्यांदा गप्प बसला. एकदा गप्प बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ते सोपं जातं. किल्ली मात्र तो रांजणामागंच ठेवत राहिला. कधीतरी दुपारी ती येईल, हात घालून बघेल, किल्ली सापडेल, एवढीच त्याची आशा. आणि आज दुपारी ती आली असेल, तर तो पन्नास पावलांवर घोरत पडला होता.

ती आलीच असावी असं त्याला फार फार वाटत होतं, आणि म्हणूनच त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता. हवं ते उत्तर आधी धरलं की बेरीज तशीच येते. त्यानं इतरांना तपासायचं ठरवलं आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला.

"साहेब, लाल दोनदा गेला तर तिसऱ्यांदा कुठं ठेवाल?"

"लाल?" अजिंक्य मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "पूलमध्ये तीन नंबरचा लाल असतो. एकदा गेला की गेला. आणि निंगप्पा, हे टेबल मला नकोय हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण मला नको असलेली वस्तू मी ठराव करून काढतो. आज दुपारभर मी बहिणीबरोबर नवी पेठेत साड्या बघत होतो. त्यापेक्षा चोरी बरी होती."

दुसरा ऋतुराज, क्लबाचा सध्याचा स्नूकरपटू, ताडमाड उंच. त्यानं गेल्या महिन्यात तोच क्यू स्पर्धेसाठी मागितला होता आणि दादांनी नाही म्हटलं होतं.

"निळ्याच्या जागी, मध्यावर," ऋतुराज लगेच म्हणाला. "हल्ली बिलियर्डपण खेळतो मी. आणि काका, तो क्यू मी हातात घेतला होता तेव्हा. माझ्या कामाचा नाही. लई आखूड आहे."

मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो हसला. "तुमचा प्रश्न ऐकून गंमत आठवली. यंदा पुण्याला ज्युनियर निवड स्पर्धेत एक मुलगी होती. लाल दोनदा घातला आणि पंचांना म्हणते, गुलाबीच्या जागी ठेवा. पंचांनी मध्यावर ठेवला तर भांडायला उठली. आमच्यात असंच असतंय म्हणे. दुसऱ्याचाच उसना क्यू घेऊन खेळत होती, पेलवत नव्हता तिला. हरली शेवटी."

"कुठली मुलगी?" निंगप्पानं विचारलं.

"वैरागची."

४

सोमवारी सकाळी निंगप्पा रिक्षानं कुंभारीला निघाला. सोनाबाई तिथं राहते, हे त्याला अठरा वर्षं ठाऊक होतं.

वाटेत तो स्वतःशीच हिशेब घालत होता आणि शेवटची ओळ लिहायचं टाळत होता. सोनाली आता बत्तिशीची. चौदाव्या वर्षीच ती शेवरीसारखी उंच होती. रेस्ट घ्यायची तिला लाज वाटायची. एक पाय उचलून, टेबलावर आडवी होऊन ती पलीकडं पोचायची. काल जो खेळला त्याला रेस्ट लागली. आणि बत्तिशीच्या उंच बाईला पन्नास इंचांचा क्यू कशाला हवा? तो ज्याच्या कामाचा, तो लहानखुरा असणार. कापड फाटलं होतं हे त्यानं कधी पाहिलंही नसणार, कारण नव्या कापडाला भोक नाही आणि तरीही त्यानं लाल पुढं ठेवला. त्याच्यासाठी तो तोडगा नव्हता. कुणीतरी त्याला तो नियम म्हणून शिकवला होता.

सोनाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं त्याला ओळखलं, पण सूप खाली ठेवलं नाही.

"सोनाली आली हुती काय काल?" उभ्या उभ्याच त्यानं विचारलं.

"ती कशाला येतीया, अण्णा? सोलापूरचं नाव काडू देत न्हाय. सणाला बी मलाच वैरागला बोलावती." तिनं सुपातला खडा टिपून फेकला. "पायल आलती, नात. तेरावं सरलं, पर उंची हाय एवडीशी. दुपारी म्हनली सात रस्त्याला जाऊन येते. आली ती लांबडं कायतरी वढनीत गुंडाळून. संध्याकाळच्या यष्टीनं गेली."

निंगप्पा ओट्यावर बसला. कोडं सुटलं होतं. एरवी कोडं सुटलं की त्याला चहा प्यावासा वाटे. आज मात्र तो गुडघे चोळत बसला. सोनाली आली नव्हती. तिच्या पोरीला रांजण माहीत होता, किल्ली माहीत होती, त्याचा चुकीचा नियमसुद्धा माहीत होता. सगळं सांगितलं होतं तिनं पोरीला. स्वतः मात्र आली नव्हती.

"ती येईल असं वाटलं हुतं," तो म्हणाला.

"व्हय?" सोनाबाई म्हणाली, आणि पाखडत राहिली.

५

सहाला कमिटी बसली. धोंडीरामदादा मधल्या खुर्चीत, शेजारी अजिंक्य, दारापाशी मायाप्पा हात बांधून उभा. कमिटीसमोर निंगप्पाला खुर्ची द्यायची पद्धत नव्हती, पण गुडघ्यांकडे बघून कुणीतरी दिली. तो बसला नाही.

"मायाप्पानं काही केलं नाही," तो म्हणाला. "किल्ली रांजणामागं ठेवायला त्याला मी सांगितलं होतं. ज्याला हे माहीत होतं, तो आला, खेळला आणि क्यू घेऊन गेला. टेबल बघून मला कळलं."

"कोण आला?" अजिंक्यनं विचारलं.

"ते मी सांगणार नाही. चोरी झाली असती तर सांगितलं असतं."

खोलीत कुजबुज झाली. धोंडीरामदादांनी चष्मा काढला. "निंगप्पा, माझ्या भावाचा क्यू गेलाय. ही चोरी नाही तर काय?"

चार वाक्यांत आपली खोली जाऊ शकते हे निंगप्पाला माहीत होतं. मायाप्पाकडे त्याचं लक्ष गेलं. तो खाली बघत होता, आणि तसंच खाली बघत अठरा वर्षांपूर्वी एक पोर ह्याच दारापाशी उभी होती.

"दादा, क्यू गेला, पण पेटी आहे. पेटी मोजा," तो म्हणाला.

टेप आणली. क्यू टेकवायच्या खालच्या खाचेपासून वरच्या टोकापर्यंत पन्नास इंच भरले. ऋतुराजचा क्यू मोजला, तो अठ्ठावन्न. शहाजीराव सहा फूट उंच होते, त्यांचे जुने फोटो त्याच भिंतीवर होते, आणि त्यातल्या एका फोटोत त्यांच्या हातातला क्यू खांद्याला लागत होता. पन्नास इंचांचा क्यू त्यांच्या छातीशीही आला नसता. सगळ्यांनी फोटो पाहिला. अठरा वर्षं रोज बघत होते, तो आज पाहिला.

"तो मी सोनाबाईच्या सोनालीसाठी कापला होता," निंगप्पा म्हणाला. "आणि सर्वोच्च ब्रेक चौऱ्याऐंशी नाही. तिनं एक्क्याण्णव केले. तुम्ही मला विचारलं तेव्हा मी मोजत नव्हतो म्हणालो. मी मोजत होतो, दादा. एकेक गुण मोजला होता."

अजिंक्य काहीतरी म्हणायला गेला, पण दादांनी हात वर केला.

"शहाजीला माहीत होतं?"

"ते दारात उभे होते."

धोंडीरामदादांनी चष्मा परत लावला, उगीच पुसून. "क्यू जिथं आहे तिथं राहू दे," ते म्हणाले. "मायाप्पा, उद्या ती पाटी काढ." निंगप्पाकडं त्यांनी पाहिलं नाही, पण खोलीचं नावही काढलं नाही.

६

मंगळवारी दुपारी निंगप्पा वैरागला उतरला. बाजारपेठेत अडतीच्या दुकानांच्या वर सोनालीचं पूल पार्लर होतं. दोन पूलची टेबलं आणि आत एक जुनं मोठं टेबल, कुठल्यातरी क्लबानं टाकून दिलेलं. जिना चढायला त्याला वेळ लागला. वर सोनाली टेबल झाडत होती, त्यानं शिकवलं होतं तसंच, एकाच दिशेनं. ती उंच होती, थोडी जाड झाली होती, आणि कानापाशी केस पांढरे होऊ लागले होते.

"मायाप्पानं आईकडनं नंबर घेऊन फोन केलता," ती म्हणाली. "समदं सांगितलं." गल्ल्यावर ओढणीत गुंडाळलेला क्यू होता. "पायलला लई बोलले मी. तुमी कापलेल्या क्यूची गोष्ट तिला ठावं हुती; पेटीत आखूड क्यू दिसला, न विचारता आणला. परत द्यायला बांधून ठेवलाय."

"तो तुझाच आहे. दादा म्हणाले, असू दे."

"क्यूचं काय घेऊन बसलाय, काका." तिनं ब्रश खाली ठेवला. "पेटीत राहिला असता अजून शंभर वर्षं, तर मला काय बी झालं नसतं. हितनं सोलापूर दीड तास. अठरा वर्षांत एकदा यायचं होतं तुमी. माझं लग्न झालं तवा वाट बघितली. पायल झाली तवा बघितली. आई म्हणायची, येतील, माणूस वाईट न्हाय."

"मी किल्ली ठेवत होतो," निंगप्पा म्हणाला. बोलल्यावर ते किती थोडं आहे हे त्याला कळलं. "वाटायचं, तू येशील."

"मी का यायचं?"

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोजणाऱ्या माणसाला स्वतःची चूक आत्ता सापडली. ज्यानं दार लावलं त्यानंच जाऊन दार वाजवायचं असतं. तो मात्र किल्ली ठेवून निवांत झाला होता आणि त्यालाच माया म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तवाबी, आणि त्याच्यानंतर रोज."

सोनालीनं खुर्ची पुढं सरकवली. तो बसला. खालून चहा आला. तिनं तो बशीत ओतून त्याच्यापुढं ठेवला आणि स्वतः खिडकीशी उभी राहून प्याली. पायलची शाळा साडेपाचला सुटणार होती आणि त्याची परतीची यष्टी पाचची होती. दोघांनाही ते माहीत होतं, आणि शेवटची साडेसातला असते असं ती म्हणाली नाही.

पाच वाजत आले तसा तो उठला. जिन्यापाशी जाऊन थांबला.

"ऐतवारी येऊ का?"

"विचारताय काय," सोनाली रिकामी कपबशी उचलत म्हणाली. "आदी या तरी."